फौजी डॉक्टर काहाल आणि मेंदूतला ‘थम’

थोर शास्त्रज्ञ म्हटला की लहानपणापासून पुस्तकात डोके घालून बसलेला मुलगा आपल्या डोळ्यांसमोर येतो. सांतियागो रामोन इ काहाल यांचे चरित्र मला आवडले, कारण ते असे मुळीच नव्हते. शिवाय काही काळ ते फौजेत होते.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया दे आरागोन या छोट्या गावात झाला. वडील शल्यवैद्य आणि शिस्तीला कडक. मुलगा मात्र भलताच व्रात्य! अकराएक वर्षांचा असताना त्याने स्वतः बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडवले आणि काही दिवस कोठडीची हवा खाल्ली. त्याला व्हायचे होते चित्रकार. वडिलांनी त्याला आधी केशकर्तनाच्या दुकानात, मग जोडे शिवायच्या कामाला लावले. अखेर मानवी हाडे समोर ठेवून त्यांची चित्रे काढायला सांगितले. चित्रकलेच्या वाटेनेच हा मुलगा शरीररचनाशास्त्राकडे वळला.

१८७३ मध्ये ते डॉक्टर झाले आणि लगेच सक्तीच्या लष्करी सेवेत गेले. १८७४ मध्ये कॅप्टनच्या हुद्द्यावर त्यांची रवानगी क्यूबाला झाली. तिथे स्पेनविरुद्ध बंड पेटले होते. सोयीच्या ठिकाणी नेमणूक मिळावी म्हणून वडिलांनी शिफारसपत्रे मिळवून दिली होती. काहाल यांनी ती वापरलीच नाहीत. दलदलीच्या भागातील छावणीच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. हिवतापाने ते इतके खंगले की १८७५ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. त्या नोकरीच्या पगारातून साठलेल्या पैशांतून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक घेतला. पुढचे सगळे आयुष्य त्या भिंगामागे गेले.

त्या काळी मेंदूविषयी एक मोठा वाद होता. मेंदूतील तंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जाळे बनते, असे बहुतेक विद्वान मानत. इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या रंगवण्याची पद्धत शोधली होती. तिच्यात हजारो पेशींपैकी मोजक्याच रंगतात, पण रंगतात त्या पूर्ण. १८८७ मध्ये माद्रिदला काहाल यांनी अशा काचपट्ट्या पाहिल्या. त्यांनी ही पद्धत सुधारली आणि पक्ष्यांच्या लहान मेंदूवर, म्हणजे अनुमस्तिष्कावर वापरली.

तिथे पुरकिंजे पेशी नावाच्या मोठ्या, झाडासारख्या फांद्या पसरलेल्या पेशी असतात. काही छोट्या पेशींचे तंतू त्यांच्याभोवती टोपली विणावी तसे गुंडाळलेले काहाल यांना दिसले. हे तंतू पुरकिंजे पेशीला बिलगतात, पण तिच्यात मिसळत नाहीत, तिथेच संपतात. म्हणजे जाळे नाही, प्रत्येक पेशी स्वतंत्र! मे १८८८ मध्ये त्यांनी हे स्वतःच्या नियतकालिकात, स्वतःच्या खर्चाने छापले. प्रती अवघ्या साठ. फारसे कोणी लक्ष दिले नाही. तेव्हा १८८९ मध्ये ते पदरमोड करून काचपट्ट्यांसह बर्लिनच्या परिषदेला गेले. मोडक्या फ्रेंचमध्ये बोलत त्यांनी एकेकाला भिंगातून पाहायला लावले. ज्येष्ठ शास्त्रज्ञ कोलिकर यांनी पाहिले, आणि त्यांना पटले.

या टोपलीपेशी काय काम करतात, हे मात्र रंगवलेल्या निर्जीव पेशीत दिसणे शक्य नव्हते. ते कळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. जॉन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म विद्युताग्रांनी संदेश मोजले आणि दाखवले, की टोपलीपेशी पुरकिंजे पेशीला रोखते. तिच्या टोकातून ‘गाबा’ नावाचे रसायन बाहेर पडते, समोरच्या पेशीत क्लोराइडचे आयन शिरतात आणि त्या पेशीला संदेश सोडणे कठीण होते. पुढे १९६४ मध्ये मासाओ इतो यांनी सिद्ध केले, की खुद्द पुरकिंजे पेशीही रोखण्याचेच काम करते. लहान मेंदूच्या बाह्यस्तरातून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश तिचाच असतो. म्हणजे या स्तराचा बाहेरचा हुकूम एकच: ‘थम’!

कॅडेट मित्रांनो, परेडवर ‘थम’चा हुकूम सुटल्यावर साऱ्या तुकडीचे पाय एकदम थांबतात, तेव्हाच तिची तयारी दिसते. शरीराचेही तसेच आहे. लहान मेंदूला इजा झालेल्या माणसाच्या स्नायूंत बळ असते, पण पेला उचलायला गेलेला हात त्याच्या पुढे निघून जातो. जोर लावणे सोपे; नेमक्या क्षणी तो आवरणे ही खरी तालीम.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळाले. त्या समारंभातही गोल्जी जाळ्याचाच सिद्धांत मांडत राहिले. काहाल यांनी मात्र आपल्या भाषणात गोल्जींच्या पद्धतीचे श्रेय गोल्जींनाच दिले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये त्यांचे निधन झाले. दोन पेशींमधील फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात. ती पाहायला ते नव्हते.

त्यांनी हाताने काढलेली चित्रे आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आपण पुष्कळदा पुस्तकातली आकृतीच वहीत उतरवतो. मला वाटते, भिंगाखाली जे दिसते तेच काढायचे, एवढे जरी आपण काहाल यांच्याकडून उचलले तरी पुष्कळ झाले.