तोल साधणारा अभियंता : सर विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर हा दिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळतात. तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस होय. म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. पण अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले. १८८३ साली ते परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यामुळे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषिकांना ते आपलेच वाटतात.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई. ते साठवावे, तर पुराचा धोका. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली तेथे आपोआप उघडणारी दारे बसवली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की ते एका हौदात शिरे; हौदातील वजन पाण्यात हलके होई, तोल बदले आणि दारे उघडत. पूर ओसरला की ती पुन्हा मिटत. पहारेकऱ्याच्या जागरणाचे काम मोजमापावर सोपवले गेले. पुढे अशीच दारे आपल्या मध्य प्रदेशात ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावरही बसली.

नीरा कालव्यावर प्रश्न वेगळा होता. पाणी मोजके आणि मागणी अमर्याद! उसाला मुबलक पाणी आणि बाकीची शेते कोरडी, असे होऊ नये म्हणून त्यांनी जमिनीचे गट पाडून पाळीपाळीने पाणी देण्याची पद्धत आखली. शेतकऱ्यांनी प्रथम विरोध केला. परंतु थोड्या साधनांतून अधिकांचे हित साधायचे, तर वाटणीचा हिशेब आधी मांडावा लागतो.

म्हैसूरचे दिवाणपद १९१८ साली सोडल्यावर त्यांची खरी कसोटी लागली ती भद्रावतीच्या लोखंड कारखान्यात. भट्टी १९२३ साली पेटली, तेव्हा महायुद्धानंतर लोखंडाचे भाव कोसळले होते. जवळपास दगडी कोळसा नसल्याने जंगलातील लाकडाचा कोळसा वापरावा लागे. भट्टी मनाला येईल तेव्हा विझवता येत नाही. खनिज, कोळसा आणि चुनखडी ठरल्या प्रमाणात अखंड पडली पाहिजेत. एक पुरवठा अडला की बाकीचा खर्च अंगावर येतो. तोटा वाढला, टीका होऊ लागली. त्याच वर्षी कारभार हाती घेऊन विश्वेश्वरय्यांनी खर्चाच्या प्रत्येक बाबीची छाननी केली, महागड्या परदेशी तज्ज्ञांच्या जागी भारतीय माणसे तयार केली आणि कारखाना सावरला. तो बंद पडता, तर शेकडो कुटुंबांची रोजी गेली असती.

आज उत्पादन-नियंत्रणाची समीकरणे संगणक सोडवतो. तरीही मर्यादा कोणती आणि साधायचे काय, हे माणसालाच ठरवावे लागते. १९५५ साली भारतरत्न झालेले विश्वेश्वरय्या वयाची शंभरी ओलांडून १९६२ साली निवर्तले. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून एवढे तरी घ्यावे की, जमाखर्चाच्या आकड्यांमागे पाणी असते, भट्टी असते आणि माणसेही असतात.