लाल सोनं

मायकल फॅरेडे म्हटलं की आपल्याला इंडक्शनचा नियम आठवतो, कारण त्यावर मार्क मिळतात. मला मात्र त्याचं उतारवयातलं एक काम जास्त आवडतं.

१७९१ मध्ये एका लोहाराच्या घरी तो जन्मला. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी लंडनमध्ये एका बुकबाइंडरकडे कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. १८१३ मध्ये हम्फ्री डेव्हींचा मदतनीस म्हणून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शिरला. १८३१ चा इंडक्शनचा शोध तर सर्वांना पाठच आहे.

१८५६ मध्ये, वय चौसष्ट, स्मरणशक्ती दगा द्यायला लागलेली, अशा वेळी त्याने सोनं हातात घेतलं. प्रश्न साधा होता : धातू अगदी पातळ, अगदी बारीक केला तर प्रकाशाचं काय होतं? सोन्याच्या वर्खातून पलीकडचा उजेड हिरवा दिसायचा. वर्ख काचेवर ठेवून तापवला की हिरवा रंग जायचा. अकीकाने दाबला की परत यायचा! सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया केली, तर पाणी चक्क माणकासारखं लाल झालं. त्यात प्रकाशझोत सोडला की झोताची वाट उजळायची. म्हणजे सोनं विरघळलेलं नव्हतं, त्याचे कण तरंगत होते. कणांचा आकार बदलला की रंग बदलतो, हे त्याने ५ फेब्रुवारी १८५७ ला रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

पण असं का होतं? त्याला ते कळलं नाही, आणि त्याने तसं सरळ मान्य केलं. इलेक्ट्रॉनचा शोधच तेव्हा लागायचा होता. लाल रंगाचं गणित १९०८ मध्ये गुस्ताव मी याने सोडवलं. प्रकाशाबरोबर कणातले मोकळे इलेक्ट्रॉन एकत्र झुलतात. हिरव्या प्रकाशाशी त्यांचा ताल जुळतो, म्हणून तो शोषला जातो आणि लाल पार होतो. यालाच आज प्लाझ्मॉन म्हणतात. कोविडच्या रॅपिड टेस्टवरची लाल रेघ बऱ्याचदा अशाच सोन्याच्या कणांची असते.

१८६७ मध्ये फॅरेडे गेला. त्याच्या लाल सोन्याच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्यात.

आपण मात्र आधी उत्तर बघतो, मग त्याला जुळतील अशी रीडिंग्ज जर्नलमध्ये भरतो. फॅरेडेकडे उत्तर नव्हतं, पण रीडिंग्ज खरी होती. म्हणून तर पन्नास वर्षांनी त्यांना उत्तर सापडलं. सबमिशनच्या आदल्या रात्री एवढं आठवलं तरी पुष्कळ!