हान्स विल्सडॉर्फ : रोलेक्सचा धनी आणि दुकानात पडून राहिलेलं घड्याळ

रोलेक्स म्हटलं की आज लोक किंमत विचारायच्या आधीच मान डोलावतात. पण याच कंपनीचं एक घड्याळ वर्षानुवर्षे दुकानदारांच्या काचेत धूळ खात पडलं होतं. त्याचं कारण कळायला कंपनीचा संस्थापक हान्स विल्सडॉर्फ कसा माणूस होता ते बघावं लागतं.

जन्म २२ मार्च १८८१, बव्हेरियातलं कुल्मबाख गाव. बाराव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघेही गेले. मामा-काकांनी घरचा लोखंडी सामानाचा धंदा विकून पैसे मुलांच्या नावे ठेवले आणि त्यांना बोर्डिंगात घातलं. स्वतःच्या पायावर उभं राहायची सवय पोराला तिथेच लागली. पुढे १९०० साली स्वित्झर्लंडमध्ये ला शो-द-फों इथे एका घड्याळ निर्यातदाराकडे नोकरी मिळाली. काम काय, तर रोज शेकडो घड्याळांना किल्ली द्यायची आणि वेळ बरोबर दाखवतात का ते तपासायचं. आपल्याकडे एचएमटी जनता वापरलेल्यांना ती सकाळची किल्ली आठवेल. इथे मात्र पोत्याने होती!

१९०५ मध्ये लंडनला अल्फ्रेड डेव्हिससोबत पेढी काढली, १९०८ मध्ये रोलेक्स हे छोटं, कोणत्याही भाषेत उच्चारता येणारं नाव नोंदवलं. तेव्हा मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, असाच समज. विल्सडॉर्फने १९१४ साली क्यू वेधशाळेतून अचूकतेचं अव्वल प्रमाणपत्र मिळवून तो खोडून काढला. महायुद्धात ब्रिटनने घड्याळांच्या आयातीवर ३३ टक्क्यांवर कर बसवला तेव्हा गडी रडत बसला नाही, कारभार जिनिव्हाला हलवला.

१९२६ मध्ये पाणी न शिरणारं ‘ऑयस्टर’ आलं. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ गळ्यात ते अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. थंडीने तिला पोहणं अर्ध्यात सोडावं लागलं, घड्याळ मात्र चालूच राहिलं. लगेच ‘डेली मेल’चं अख्खं पहिलं पान जाहिरातीला घेतलं. जाहिरात कशी करावी हे त्याच्याकडून शिकावं. १९३१ मध्ये हाताच्या हालचालीवर आपोआप किल्ली बसणारं ‘पर्पेच्युअल’. म्हणजे गिऱ्हाइकाला दोन वचनं दिली गेली: पाण्याची भीती नाही आणि किल्लीची कटकट नाही.

गाडी अडली ती क्रोनोग्राफपाशी, म्हणजे बाजूला बटणं असलेलं, स्टॉपवॉचसारखं सेकंद मोजणारं घड्याळ. रोलेक्सने १९३०च्या दशकापासून ते विकलं, पण आतलं यंत्र बहुतेक वॅलजू कारखान्याकडून घेतलेलं आणि रोज किल्ली मागणारं. दाबाच्या बटणांमुळे पाण्याची हमीही तेवढी पक्की नव्हती. मालकाने आयुष्यभर जे विकलं, नेमकं तेच या घड्याळात नव्हतं. मग त्याच नावाचं स्वयंचलित घड्याळ शेजारी असताना गिऱ्हाईक याच्याकडे का वळेल?

१९४४ मध्ये पत्नी वारली. मूलबाळ नव्हतं. १९४५ मध्ये विल्सडॉर्फने न्यास स्थापन केला. कंपनीची मालकी आजही त्याच न्यासाकडे आहे. ६ जुलै १९६० रोजी जिनिव्हात त्याचं निधन झालं.

तीन वर्षांनी, १९६३ मध्ये, डेटोना नावाने ओळखला जाणारा क्रोनोग्राफ बाजारात आला. किल्ली तशीच होती आणि सुरुवातीच्या तबकडीवर ‘ऑयस्टर’ शब्दही नव्हता. १९६५ मध्ये नासाने अंतराळवीरांसाठी ओमेगा निवडलं. १९६९ मध्ये झेनिथ, सेइको आणि ह्यूअर-ब्रायटलिंग यांचे स्वयंचलित क्रोनोग्राफ आले, तरी रोलेक्स किल्लीलाच चिकटून. चौकोनी खुणांच्या रंगीत तबकड्या तर कुणी घेईना. डेटोनाची किल्ली सुटली ती थेट १९८८ मध्ये, तीही झेनिथचं यंत्र सुधारून बसवल्यावर.

आणि त्याच नको असलेल्या तबकडीचं, अभिनेता पॉल न्यूमनच्या मनगटावरचं घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं.