लातूरच्या शेतात बोअर मारण्याआधी ज्याचं तंत्र वापरलं जातं, तो फ्रेंच मास्तर कोण होता?

लातूर, नांदेडकडं बोअर मारायचा म्हटलं की आधी पाणाड्या येतो. हातावर नारळ ठेवून शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं खूण. अलीकडं मात्र अजून एक माणूस येतो. त्याच्याकडं एक पेटी, वायरची भेंडोळी आणि लोखंडी खुंट्या असतात. खुंट्या जमिनीत ठोकायच्या, वीज सोडायची, आकडे लिहायचे. चार खुंट्या एका रेषेत लावायच्या या पद्धतीला भूजलवाले ‘श्लंबर्जर मांडणी’ म्हणतात.

हा श्लंबर्जर म्हणजे कॉनराड श्लंबर्जर. जगातली तेल कंपनी कुठलीही असो, विहिरीच्या आत नक्की काय आहे हे बघायला ती ज्या तंत्रावर विसंबते, ते या माणसाच्या डोक्यातून निघालं.

कॉनराडचा जन्म १८७८ चा, अल्सास प्रांतातल्या गेब्विलरचा. तेव्हा हा भाग जर्मनीच्या ताब्यात होता. घर कापड गिरण्यांच्या यंत्रांच्या धंद्यातलं, पैसेवालं. आई मार्गरित बायकांच्या मताच्या हक्कासाठी झगडणारी. एक भाऊ झाँ पुढं नावाजलेला लेखक झाला. कॉनराडला मात्र विज्ञानाचं वेड. पॅरिसच्या एकोल पोलिटेक्निकमध्ये शिकून तो खाणकामाच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागला.

त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता. जमीन न खोदता खाली काय आहे ते कळेल का? खडक वीज किती अडवतो हे मोजलं तर? धातूचं खनिज वीज सहज जाऊ देतं, कोरडा टणक दगड अडवतो. कॉलेजच्या तळघरात त्यानं तांब्याचा टब वाळूनं भरला, त्यात वीज सोडली आणि आकडे घेतले. १९१२ मध्ये नॉर्मंडीतल्या घरच्या इस्टेटीवर, व्हाल रिशेला, हाच प्रयोग खऱ्या जमिनीवर केला. मग पहिलं महायुद्ध आलं आणि कॉनराड तोफखान्यात गेला.

युद्ध संपल्यावर खरी मदत वडिलांनी केली. १९१९ मध्ये पॉल श्लंबर्जर यांनी कॉनराड आणि धाकट्या मार्सेलशी लेखी करार केला. संशोधनासाठी ५ लाख फ्रँक द्यायचे, पण अट अशी की विज्ञानाचं हित आधी, नफा नंतर. पोराच्या स्टार्टअपला पैसे देताना असा कागद करणारा बाप आजही दुर्मीळच. कॉनराड भौतिकशास्त्राचा माणूस, मार्सेल यंत्रं बनवणारा. जोडी जमली. रोमानियातल्या तेलाच्या भागात त्यांनी जमिनीवरून मोजमाप करून खालची रचना शोधली.

तेलवाल्यांची अडचण मात्र वेगळी होती. विहीर खणली तरी कुठल्या खोलीवर कुठला थर आहे ते कळायचं नाही. त्यासाठी दगडाचा दंडगोल नमुना, म्हणजे कोअर, वर काढावा लागायचा. ते काम हळू आणि महाग, शिवाय नमुना बऱ्याचदा वाटेतच तुटायचा. मग आपली वीज विहिरीतच का सोडू नये?

५ सप्टेंबर १९२७. अल्सासमधल्याच पेशेलब्रॉन तेलक्षेत्रातली सुमारे ५०० मीटर खोल विहीर. कॉनराडचा जावई हेन्री डॉल आणि त्याचे साथीदार तारेला बांधलेलं उपकरण खाली सोडत होते. दर मीटरला थांबायचं, आकडा घ्यायचा, कागदावर हातानं बिंदू मांडायचा. बिंदू जोडल्यावर वेडीवाकडी रेघ तयार झाली. विजेचा हा जगातला पहिला वेल लॉग. श्लंबर्जर बंधूंनी त्याला नाव दिलं विजेचं कोअरिंग, म्हणजे दगड वर न काढता काढलेला नमुना.

ही रेघ वाचायची कशी? खडकाच्या छिद्रांत खारं पाणी असेल तर वीज सहज जाते, आकडा खाली येतो. तेल वीज अडवतं, आकडा वर चढतो. पण छिद्रंच नसलेला घट्ट दगडसुद्धा आकडा वर नेतो. म्हणून एकट्या रेघेवर विश्वास ठेवणारा फसतो. १९३१ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की बाहेरून वीज न सोडताही विहिरीत आपोआप विद्युतदाब तयार होतो आणि त्यावरून वाळूचा थर कुठला, चिखलाचा कुठला ते ओळखता येतं. आता दोन रेघा शेजारी ठेवून वाचता यायला लागल्या. १९४२ मध्ये आर्ची नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं छिद्रांचं प्रमाण आणि विजेचा अडथळा यांवरून तेल-पाण्याचा हिशेब काढायचं सूत्र दिलं. ते बघायला कॉनराड नव्हता.

आपल्याकडं हा हिशेब उलटा चालतो. तेलवाला जास्त आकडा शोधतो, लातूरकर कमी. काळा पाषाण अखंड असेल तर वीज अडते. तो भेगाळलेला, झिजलेला आणि पाण्यानं भरलेला असेल तर आकडा पडतो. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतात, आतल्या दोन विद्युतदाब मोजतात. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब नेल्या, तितकी खोलवरची खबर मिळते. गोची एवढीच की दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीचा थर असला तरी आकडा पडतो. मशीननं पाणी सांगितलं आणि फुफाटा निघाला, असं त्यामुळंही होतं. नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडं काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागतो, तिथं आकडे पुन्हा वेगळ्या नजरेनं वाचावे लागतात. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला या चुकीची किंमत सांगायची गरज नाही.

इथला पाषाण किती जाड, याचा पक्का आकडा एका दुःखद निमित्तानं मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, हजारो माणसं गेली. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतला. ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली ८ मीटर गाळाचा थर आणि मग तळाचा अतिप्राचीन खडक. इथं दगडाचे नमुनेच वर काढले, कारण भूकंपाचं मूळ तळाच्या खडकात शोधायचं होतं.

कॉनराडची मंडळी १९२९ पासून व्हेनेझुएला, अमेरिका, सोव्हिएत रशिया असं सगळीकडं विहिरींत तारा सोडत होती. रशियात तर काम फारच वाढलं होतं. १९३६ च्या मे महिन्यात तिथून परतताना स्टॉकहोमला कॉनराडचा मृत्यू झाला. वय होतं ५७. धंदा मार्सेलनं पुढं नेला.

२०२२ मध्ये त्यांच्या कंपनीनं श्लंबर्जर हे नाव मागं ठेवून एसएलबी असं छोटं नाव घेतलं. भूजल सर्वेक्षणाच्या अहवालात चार खुंट्यांच्या मांडणीपुढं मात्र अजूनही कॉनराडचंच आडनाव लिहिलं जातं.