हवालदार गोपाळबाबा वलंगकर आणि गाळलेल्या नोंदी

आपल्या समाजाच्या जागृतीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी सहसा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कार्यापासून चालू लागते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु बाबासाहेबांच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, म्हणजे १८८८ साली, 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक लिहून अस्पृश्यतेचा शास्त्राधार कोठे आहे असा रोखठोक जाब विचारणारा एक पेन्शनर हवालदार कोकणात होऊन गेला, ही गोष्ट आमच्या तरुण पिढीस अजून नीटशी ठाऊक नाही. हवालदार गोपाळबाबा वलंगकर हे त्यांचे नाव. त्यांच्या धर्मविषयक लिखाणाबद्दल इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या चरित्रातील एकाच भागाकडे आम्ही सभासद कुटुंबांचे लक्ष वेधू इच्छितो. दारूगोळ्याच्या कारखान्याभोवती वसलेल्या या जवाहरनगरात, जेथे शेजारच्या घरी कोणी ना कोणी पलटणीतून निवृत्त झालेला असावयाचाच, तेथे तो भाग विशेष जवळचा वाटेल असा आमचा समज आहे.

गोपाळबाबांचा जन्म कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाडजवळच्या रावढळ या गावचा. वयात येताच ते इंग्रजांच्या फौजेत दाखल झाले आणि १८८६ साली हवालदाराच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. त्या काळी आपल्या मुलांना शाळेचे दार बंद होते, गावविहीर बंद होती. उघडे असे एकच दार होते, ते छावणीचे. छावणीत लिहिणेवाचणे शिकावयास मिळे, कवायतीत खांद्याला खांदा लागे, आणि मनुष्य आपल्या कर्तृत्वाने नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार अशा पायऱ्या चढू शके. गोपाळबाबा या दारातून आत गेले आणि वाचक व लेखक होऊन बाहेर पडले.

निवृत्तीनंतर ते दापोलीस राहिले. दापोलीचा कॅम्प म्हणजे तेव्हा पेन्शनर शिपायांची वस्तीच होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही फौज सोडल्यावर याच दापोलीस येऊन राहिले होते. तेथे गोपाळबाबांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली, महात्मा फुले यांच्या विचारांचा स्वीकार केला आणि 'दीनबंधु', 'सुधारक' यांसारख्या पत्रांतून लेखन चालविले. आपल्या पुस्तकावर त्यांनी नाव घातले ते गोपाळनाक विठनाक वलंगकर असे. हा 'नाक' प्रत्यय वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

गोपाळबाबा निवृत्त होऊन पाचसहा वर्षे होतात न होतात तोच ते उघडे दार बंद झाले. लॉर्ड रॉबर्ट्स हे हिंदुस्थानचे सरसेनापती असताना लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद फौजेत रूढ झाला, आणि १८९२च्या सुमारास जातवार पलटणी उभारण्याच्या धोरणात महारांची भरती थांबविण्यात आली. कारण काय, तर ही जात लढवय्यी नव्हे! ज्यांच्या बापजाद्यांनी मुंबई फौजेत तीन पिढ्या बंदूक वाहिली, त्यांना एका सरकारी धोरणाने बिनलढाऊ ठरविले. भाकरी गेली हे दुःख मोठे खरेच. परंतु आमच्या मते त्याहून मोठी हानी ही की सरकारदप्तरी या लोकांचा पराक्रम घडलाच नव्हता अशी नोंद झाली.

मग तो पराक्रम होता कोठे? तो दगडावर होता. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे झालेल्या लढाईचा स्तंभ सरकारनेच उभारला, त्याची पायाभरणी १८२१ साली झाली. कामास आलेल्या ज्या शिपायांची नावे त्यावर कोरली आहेत, त्यांत बावीस नावे 'नाक' या प्रत्ययाची आहेत. सोमनाक कमळनाक, रायनाक येसनाक अशी ती नावे वाचली म्हणजे ती कोणत्या वस्तीतून आली हे सांगावे लागत नाही. १६ एप्रिल १८८० रोजी अफगाणिस्तानात दुब्राई येथील ठाण्यावर मेजर वॉड्बी आणि त्यांच्या १९व्या मुंबई पलटणीचे दोन शिपाई शत्रूच्या मोठ्या जमावाशी झुंजत पडले. त्या दोन शिपायांपैकी एकाचे नाव सोननाक तान्नाक. मुंबईत वॉड्बींच्या नावाचा रस्ता झाला आणि पुढे त्या रस्त्याचे नावही बदलले. सोननाकाच्या घरी काय पोहोचले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पदकांविषयी येथे थोडे विषयांतर करतो. कोरेगावच्या शिपायांना लढाईनंतर लगेच पदके मिळाली असतील अशी अनेकांची समजूत असते. तसे घडले नाही. १८०३ ते १८२६ या काळातील हिंदुस्थानातल्या लढायांसाठी एक पदक कंपनी सरकारने १८५१ साली मंजूर केले आणि त्याच्या फितीवर लावावयाच्या पट्ट्यांत कोरेगावची पट्टीही होती. मात्र हे पदक जे हयात होते आणि ज्यांनी स्वतः मागणी केली त्यांनाच द्यावयाचे होते. लढाईला तेव्हा तेहतीस वर्षे झाली होती. म्हणजे जो स्तंभावर आहे त्याला पदक नाही, आणि जो लढून परतला पण मधल्या काळात म्हातारपणाने वारला, त्याचे नाव स्तंभावरही नाही व पदकावरही नाही. शौर्य एकच, पण नोंद व्हावी न व्हावी हे आयुष्याच्या दोरीवर आणि कागदाच्या खटपटीवर अवलंबून राहिले. दूर कोकणातल्या वाडीत राहणाऱ्या निरक्षर म्हाताऱ्याने मागणी करावयाची ती कोणाकडे आणि कशी?

गोपाळबाबांना हे मर्म पुरते उमगले होते. आपल्या जातीच्या लष्करी सेवेची खरी नोंद सरकारपुढे नव्याने ठेवली पाहिजे, आणि ती आपणच ठेवली पाहिजे, असे ठरवून त्यांनी १८९४ साली मुंबई फौजेच्या मुख्य सेनापतींना उद्देशून एक विनंतिअर्ज तयार केला. महार हे मूळचे क्षत्रिय असून दुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी मिळेल ते खावे लागल्यामुळे त्यांना बहिष्कृत करण्यात आले, असे प्रतिपादन त्यात होते. हे प्रतिपादन आज आम्हांस पटो वा न पटो; मनुष्याचे शौर्य सिद्ध करण्यास त्याचे मूळ कुळ शोधावे लागू नये असेच आम्ही म्हणू. परंतु ज्या सरकारने जात पाहूनच शिपाई नाकारला, त्या सरकारशी बोलावयाचे तर जातीच्याच भाषेत बोलणे गोपाळबाबांना भाग होते. त्यांची खरी भिस्त होती ती केलेल्या सेवेवर.

आता या हकिगतीतील दुःखाचा भाग येतो. अर्जाला वजन यावे म्हणून त्यावर पेन्शनर शिपायांच्या सह्या हव्या होत्या, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता तेच पेन्शनर सही करण्यास धजावले नाहीत. सरकारविरुद्ध तक्रार केली तर पेन्शन बंद होईल, ही धास्ती त्यांना पडली. या म्हाताऱ्यांना भित्रे ठरविण्याची घाई काही लेखक करतात. आम्हांस ते न्यायाचे वाटत नाही. महिन्याच्या त्या चार दिडक्यांवर अवघे घर चालत असे, गावात परतले की पुन्हा तेच वेसकराचे जिणे होते, आणि पेन्शन हा त्यांच्या शिपाईपणाचा एकमेव लेखी पुरावा होता. तोच पणाला लावा असे सांगणे सोपे, लावणे कठीण. ज्यांनी तोफेपुढे माघार घेतली नाही त्यांना कारकुनाच्या शेऱ्याचे भय वाटावे, यातच त्या काळच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन आले. सह्यांवाचून अर्ज दुबळा पडला आणि भरतीचे दार काही उघडले नाही. रामजी सुभेदारांनीही या बंदीविरुद्ध न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने अर्ज करविल्याचे बाबासाहेबांचे चरित्रकार सांगतात. त्याचाही तत्काळ उपयोग झाला नाही.

गोपाळबाबा मात्र खचले नाहीत. १८९५ साली सरकारने त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली. त्यांच्यासोबत बसण्यास उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली, तरी नेमणूक राहिली. ज्या महाडात पुढे १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेच हे महाड. १९०० साली गोपाळबाबांचे देहावसान झाले. त्यांच्या हयातीत नोंद दुरुस्त झाली नाही.

ती पुढे हप्त्याहप्त्याने झाली. १९१० साली पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी दक्षिणेतील महारांच्या परिषदेतर्फे थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज केला आणि सैन्यसेवेचा हक्क पुन्हा मागितला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड पडताच लढाऊपणाची तपासणी एकाएकी सैल झाली. १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, निकड संपली, आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. गरजेपुरते शूर आणि गरज सरताच पुन्हा बिनलढाऊ! अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. बाबासाहेब त्या वर्षी संरक्षण सल्लागार समितीवर होते. रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर चिन्ह घेतले ते कोरेगावच्या स्तंभाचे. ज्या दगडावर नावे होती आणि ज्या दप्तरात ती नव्हती, त्यांतला दगड शिपायाच्या टोपीवर चढला. पुढे बिल्ला बदलला. परंतु गोपाळबाबांच्या अर्जाला इतके मुद्देसूद उत्तर दुसरे कोणी दिल्याचे आम्हांस आठवत नाही.

हे सारे आम्ही जवाहरनगरच्या वाचकांपुढे मांडतो त्याला कारण आहे. आपल्या सभासद घरांतून पणजोबा, आजोबा महायुद्धात गेल्याच्या हकिगती ऐकू येतात. कोठे पेटीत फीत आहे पण पदक नाही. कोठे पदक आहे पण सेवामुक्तीच्या कागदावर त्याचा उल्लेख नाही. कोठे दोन्ही आहेत, पण कागदावरचे नाव घरच्या नावाशी जुळत नाही. यातील पुष्कळ घोटाळा नावाचाच आहे. गोपाळनाक विठनाक हेच वलंगकर, हे ज्याला ठाऊक नाही त्याला दप्तरात दोन वेगळे इसम दिसतील. कोकणदेशावर 'नाक' गळून गावावरून आडनावे आली. आपल्याकडे वैनगंगेच्या काठी आडनाव तेच राहिले, पण इंग्रज कारकुनाने कानाला जसे लागले तसे ते टिपले. खोब्रागडे, गजभिये, रामटेके ही नावे रोमन लिपीत किती परींनी उतरत असतील!

म्हणून एवढे करावे. पेटीतील पदकाची कड किंवा पाठ भिंगाखाली धरून पाहावी. त्या काळच्या बहुतेक पदकांवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असे. हा क्रमांक नावापेक्षा विश्वासार्ह समजावा. दुसरे, शौर्यपदक आणि सेवापदक यांत गल्लत करू नये. शौर्यपदक सरकारी राजपत्रात जाहीर झाल्याशिवाय नसते, तेथे घरच्या आठवणीचा उपयोग नाही. सेवापदक मात्र अमुक मुदतीत अमुक रणक्षेत्रावर हजर होता एवढ्यानेच देय होते, आणि गाळलेली पदके बहुधा याच जातीची असतात. सेवामुक्तीचा कागद, पेन्शनचा कागद आणि वारस असल्याचा दाखला यांच्या प्रती जोडून अर्ज ज्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे करावा. महार रेजिमेंटचे ते कार्यालय मध्यप्रदेशात सागर येथे आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही या कामी मार्गदर्शन मागता येते. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, प्रतीच द्याव्या. अर्ज स्वच्छ अक्षरात, नावाच्या सर्व रूपांसह लिहावा, आणि त्याखाली वारसांपैकी जितके सज्ञान आहेत तितक्या सर्वांनी सह्या कराव्या. आता त्यासाठी कोणाची पेन्शन जात नाही.