माळरान, माणूस आणि सम्राट अशोक

मोहोळ तालुक्याच्या कडेने वाहणारी भीमा पुढे कर्नाटकात सन्नतीजवळून जाते. तिथे सम्राट अशोकांचे शिलालेख सापडले. शेजारच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपात त्यांचे नाव कोरलेले शिल्पही मिळाले. आपल्याच नदीकाठच्या या राजाचे चरित्र आज मोहोळकरांनी पुन्हा वाचावे, असे आम्हाला वाटते. माळढोक अभयारण्याचा विषय निघाला की माणूस आधी की पक्षी, असा वाद आपल्याकडे आजही होतो.

अशोक हे चंद्रगुप्त मौर्यांचे नातू आणि बिंदुसारांचे पुत्र. इ.स.पू. २६८ च्या सुमारास त्यांचा राज्याभिषेक झाला. आठ वर्षांनी त्यांनी कलिंग जिंकले. त्या युद्धात लाखभर माणसे मारली गेली आणि दीड लाख लोकांना देशोधडीला लावले गेले. ही संख्या त्यांनी स्वतःच शिलालेखात नोंदवून पश्चात्ताप व्यक्त केला. पुढे ते धम्ममार्गाला लागले. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी ते बोधगयेला गेले आणि शिकारीच्या राजेशाही सहलींची जागा धम्मयात्रांनी घेतली.

बदलाची सुरुवात त्यांनी स्वतःच्या मुदपाकखान्यातून केली. तिथे रोज मारल्या जाणाऱ्या हजारो प्राण्यांची संख्या दोन मोर आणि एक हरीण इतकी खाली आणली. पुढे तेही थांबवायचे ठरवले. माणसांबरोबर जनावरांच्याही उपचाराची सोय केली. औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या लावल्या. रस्त्याकडेला वड लावले, आमराया उभ्या केल्या, विहिरी खोदल्या. ही सावली आणि हे पाणी माणसांसाठीही होते आणि गुराढोरांसाठीही.

राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर त्यांनी संरक्षित प्राण्यांची यादीच स्तंभावर कोरली. पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर यांची नावे त्यात आहेत. गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांना अभय दिले. विनाकारण जंगल जाळू नये, जीवजंतू असलेला भुसाही पेटवू नये, असे बजावले. शेती किंवा पशुपालन मात्र बंद केले नाही.

त्यांच्या कारभाराला कठोर बाजूही होती. अरण्यात राहणाऱ्या लोकांना त्यांनी समजावले, पण आपल्या दंडशक्तीची जाणीवही करून दिली. रानात राहणाऱ्यांशी सत्तेचे नाते तेव्हाही सोपे नव्हते.

१९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता आणि मोहोळचा भागही त्यात होता. शेते आणि गावे त्या रेषेत आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, माणसे नाराज झाली. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. मात्र माळढोक आज क्वचितच दिसतो. काळवीट आणि लांडगे माळावर अजून आहेत.

अशोकांच्या कारभारातून आम्ही एवढे घेतो की संयमाची सुरुवात सत्तेने स्वतःपासून करावी, लोकांना पाणी आणि उपचार द्यावेत आणि नियम सर्वांना समजेल असा उघड लिहावा. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे आपणही मान्य केले पाहिजे. येत्या अशोक विजयादशमीला तालुक्यातील विहारांत अशोकांच्या पराक्रमाबरोबर त्यांच्या या आज्ञांवरही बोलावे. त्या चर्चेला माळावर मेंढ्या चारणाऱ्यांना आणि कोरडवाहू शेतकऱ्यांना आवर्जून बोलवावे.