शब्द आणि स्वर जपणारे पंडित भातखंडे

गणपती बसतात त्या दिवशी संगीतप्रेमी मराठी माणसाला आणखी एक आठवण होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीलाच, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देह ठेवला. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांना वंदन करीत आहोत.

पंडितजींचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईच्या वाळकेश्वरचा. तो दिवस गोकुळाष्टमीचा. तरुणपणी ते सतार शिकले. १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन वकिली करू लागले. पुढे पत्नी गेली, काही वर्षांत मुलगीही गेली. त्यांनी वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य संगीताला वाहिले.

त्या काळी चिजा उस्तादांच्या कंठात असत. सहजासहजी त्या कुणाला मिळत नसत, आणि उस्ताद गेले की चिजाही जात. पंडितजी देशभर हिंडले, जुने ग्रंथ धुंडाळले, गायकांची मनधरणी करून चिजा मिळवल्या आणि लिहून काढल्या. वर स्वर, त्याखाली गीताची अक्षरे, त्याखाली तालाच्या खुणा, अशी त्यांची पद्धत. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत हा ठेवा आहे.

स्वर आणि अक्षरे अशी वेगळी मांडण्यातले मर्म आज मेंदूच्या अभ्यासातूनही कळते. कानाला गाणे एकसंध वाटते, पण मेंदूत कामाची वाटणी होते. बहुतेकांच्या बाबतीत डावा भाग ध्वनीतले झरझर होणारे बदल टिपतो व त्यातून शब्द ओळखतो. उजवा भाग स्वरांचा चढउतार अधिक बारकाईने पकडतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये गायलेली वाक्ये ऐकवून हेच दाखवले. डाव्या भागाला इजा होऊन बोलणे गेलेली काही माणसे ओळखीचे गाणे मात्र शब्दांसकट म्हणू शकतात.

पंडितजींची लक्षणगीते या दोन्ही बाजूंना एकदम कामाला लावतात. रागाचे नियम शब्दांत, आणि ते शब्द त्याच रागात बांधलेले. विद्यार्थी गाता गाता नियम शिकतो.

१९१८ मध्ये ग्वाल्हेरला आणि १९२६ मध्ये लखनौला त्यांच्या प्रयत्नांतून संगीत विद्यालये उभी राहिली. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पुढे आपल्या बालाघाटच्या शेजारी, खैरागडच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पंडितजींची अखेरची तीन वर्षे मात्र पक्षाघातामुळे अंथरुणावर गेली.

आपल्या घरांतही आजींच्या ओव्या आहेत, आरत्यांच्या जुन्या चाली आहेत. शब्द वहीत उतरले तरी चाल त्यांच्याबरोबरच जाते. या उत्सवात मुलांनी आजींजवळ बसून शब्द लिहून घ्यावेत आणि चाल मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावी, एवढीच आमची विनंती.

गणपती बाप्पा मोरया!